पिल्लू पोटऱ्या धरतंय, मुलांना घेरतंय, गाड्यांमागे धावतंय: नेमकं काय तपासायचं

संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मला सर्वांत जास्त फोन येतात. मुलं खालून खेळून आलेली असतात, घरात पळापळ चालू असते, मागे कुकरची शिट्टी होते आणि त्यावरून पिल्लाचं भुंकणं ऐकू येतं. तक्रार ठरलेली. पिल्लू धाकट्याच्या पोटऱ्या धरतं, पळणाऱ्या मुलांना गोल फिरून कोपऱ्यात आणतं, गेटबाहेर नेलं की स्कूटरवर झेप घेतं. आधी सगळ्यांना गोड वाटलं होतं, आता रक्त येतंय. बिस्किट दाखवलं तरी बघत नाही, ओरडलं तर आणखी चेव चढतो. वय चार ते दहा महिने. जात कधी बॉर्डर कॉली, कधी जर्मन शेफर्ड, आणि अलीकडे वारंवार बेल्जियन मॅलिनॉइस. शेवटी प्रश्न येतो, "दादा, हे बिघडलं कशानं?"

सासवडजवळ माझं शेत आहे. अठरा वर्षं कामाची कुत्री पाळतोय आणि लोकांची शिकवतोय. हा प्रश्न इतक्या वेळा आला की एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. ज्यांच्या घरी पिल्लू आलंय आणि ज्यांचं अजून ठरतंय, अशा दोघांनीही पूर्ण वाचावं. उपाय आणि निवड या दोन्हींचं मूळ एकाच जागी आहे.

आधी साधी कारणं बाजूला काढू. साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू चप्पल, सोफा, हात, काहीही चावतं. दुसरं कारण झोप. लहान पिल्लाला दिवसाला सोळा-अठरा तास झोप लागते. फ्लॅटमध्ये दिवसभर कोणी ना कोणी त्याला उठवत राहतं आणि संध्याकाळी ते झोप न झालेल्या बाळासारखं चिडचिडं होतं. तिसरं दुखणं. कान, पोट, कंबर यांत काही असेल तर हात लावताच चावेल. अचानक सुरू झालेल्या चावण्यासाठी पहिला फोन व्हेटला करा.

ही तीनही कारणं नाहीत हे कसं ओळखायचं? दातांसाठी चावणारं पिल्लू स्थिर वस्तूही चावतं. ज्याच्याबद्दल हा लेख आहे, त्या पिल्लाला हालचाल लागते. मूल बसलं की ते थांबतं, मूल उठून पळालं की पुन्हा सुरू. आणि प्रत्येक वेळी क्रम तोच असतो: आधी मान खाली जाते, नजर रोखली जाते, अंग जमिनीलगत येतं, मग धाव, मग टाचेमागे पकड. तीन-चार वेळा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि हळू करून बघा. क्रम हुबेहूब तोच दिसला, तर पिल्लू बिघडलेलं नाही. ज्या कामासाठी त्याच्या आईबापांना पिढ्यान्पिढ्या निवडलं गेलं, ते काम ते करतंय. फक्त समोर मेंढ्या नाहीत, तुमची मुलं आहेत.

हा क्रम समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. लांडग्याची शिकार ही एक साखळी असते. भक्ष्याची चाहूल घेणं, नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड, ठार मारणं, फाडणं, खाणं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकी जोडप्याने मेंढपाळांच्या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम करून दाखवलं की माणसाने कामाच्या कुत्र्यांच्या जाती घडवल्या त्या या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या ताणून किंवा बोथट करून. बॉर्डर कॉलीत नजर, दबा आणि पाठलाग या कड्या कमालीच्या ताणल्या, पुढची पकड आणि मारणं दाबलं. म्हणून ते मेंढीला हात न लावता नुसत्या नजरेने वळवतं. इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलँडमध्ये 1893 साली जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानतात. शांत, न भुंकता, नजरेच्या धाकाने काम करण्याची त्याची पद्धत मेंढपाळांना इतकी आवडली की त्याच्याकडून शेकडो पिल्लं घेतली गेली. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर जे पिल्लू पंख्याच्या सावलीकडे तासभर टक लावून बसतं, त्याच्यात तीच नजर आहे.

आता याच्या अगदी उलट टोक बघा, आपल्याच मुलखातलं. फलटण, माण, खटाव भागातले धनगर मेंढरं घेऊन निघतात, शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात, रात्री वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या उघड्यावरच्या मुक्कामावर, कुत्री असतात. ही कुत्री मेंढरं वळवत नाहीत. वळवायचं काम माणूस करतो, काठीने आणि तोंडाच्या आवाजाने. कुत्र्याचं काम लांडग्यापासून राखण. त्याच्यात शिकारीची साखळी इतकी मंद लागते की कोकरू अंगावरून उडी मारून गेलं तरी ते डोळा उघडत नाही. पाठलागाची खुमखुमी असलेलं पिल्लू धनगर वाड्यावर ठेवतच नाही. आणि उरलेलं लहानपणापासून मेंढरांत वाढतं, म्हणून मेंढरं त्याला आपली वाटतात. रात्री मात्र काही अनोळखी हललं की हेच झोपाळू कुत्रं उभं राहतं. असं पिल्लू कुणी हौसेने सोसायटीत नेलं तर ते मुलांच्या टाचा धरणार नाही. ते रात्री दोन वाजता वॉचमनच्या प्रत्येक फेरीला भुंकेल आणि पाहुण्यांना दारातून आत येऊ देणार नाही. तक्रार वेगळी, कारण तेच.

जर्मन शेफर्डबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्याच्याबाबतीत मी स्वतः चुकलोय. माझी पहिली कुत्री शेफर्ड होती. ब्रीडरकडे सहा पिल्लं होती, त्यातलं एक धावत आलं, बुटाची नाडी धरून ओढायला लागलं, आणि मी म्हणालो, हेच. नऊ महिन्यांची झाली तेव्हा ती शेताच्या बांधावरून दिवसभर एकाच रेषेत ये-जा करायची. बांधावरच्या गवतात वाट पडली होती. एके दिवशी शेजाऱ्याची शेळी बांध ओलांडून आली आणि हिने तिची मांडी धरली. फाडली नाही, धरली, आणि शेळी मागे फिरताच सोडून दिली. मी शेळीच्या औषधाचे पैसे भरले आणि कुत्रीला मारलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे कित्येक वर्षांनी कळलं की जर्मनीत मेंढ्या चारायला नेतात तिथे दोन्हीकडे पिकं उभी असतात आणि कुंपण नसतं. शेफर्डचं मूळ काम त्या पिकाच्या कडेने तासन्‌तास ये-जा करून चालतं कुंपण व्हायचं, आणि मेंढी पिकात शिरली तर तिला मान, बरगडी किंवा मांडी यांपैकी एका ठिकाणी, जखम न करता, क्षणभर धरून परत पाठवायचं. माक्स फॉन श्टेफानित्स यांनी 1899 साली ज्या कुत्र्यापासून या जातीची नोंदवही सुरू केली, तो याच कामातल्या कुत्र्यांमधला. माझी कुत्री न शिकवता, न मेंढी बघता, नेमकं तेवढंच करत होती. बांधाची रेषा तिने स्वतः ठरवली होती, कारण मी ठरवून दिली नव्हती. तुमचा शेफर्ड बाल्कनीच्या कठड्यालगत किंवा सोसायटीच्या कंपाउंडच्या कडेने फेऱ्या मारत प्रत्येक डिलिव्हरीवाल्यावर धावून जात असेल तर हे आठवा.

मॅलिनॉइस बेल्जियमच्या मेखेलेन भागातलं, मुळात तेही मेंढपाळाचंच. पण गेल्या शंभराहून अधिक वर्षांत पोलीस आणि सुरक्षा दलांच्या कामासाठी त्याची निवड झाली: वेग, पूर्ण तोंडाची घट्ट पकड, आणि दमलं तरी न थांबणं. आपल्याकडे निमलष्करी दलांत ते दिसतं, बातम्यांत त्याचे फोटो येतात आणि लोकांना वाटतं आपल्याकडेही असावं. दलातल्या कुत्र्यामागे पूर्णवेळ माणूस असतो, ठरलेला सराव असतो, कामाची वेळ आणि विश्रांतीची वेळ असते. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात आणि दोन खोल्यांत मॅलिनॉइस आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते कुणाला आवडलं नाही तरी मी बदलणार नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. लॅब्रडॉरमध्ये पकड मऊ ठेवली, म्हणून ते सगळं तोंडात घेऊन फिरतं आणि सोडायला शिकवलं नाही तर गिळतं. टेरियर आणि डॅक्सहुंड बिळात शिरून मारण्यासाठी, म्हणून कुंडीतली माती उकरतात आणि घुशीवर तुटून पडतात. बीगल नाक जमिनीला लावलं की हाक ऐकत नाही. रॉटवायलर गुरं हाकायचं, म्हणून छातीने धक्का देतं आणि अंगावर रेलतं. हस्की ओढायला आणि लांब धावायला, म्हणून फाटक उघडं मिळालं की गेलंच. कारवान, पश्मी, मुधोळ हे नजरेवर पळणारे, दूरवर ससा हलला की सुटतात. आपल्या गावात तो ससा बहुधा शेजारणीचं मांजर असतं. सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे हेही माहीत असू द्या, अजून काही जण हौसेने पळवतात.

इथपर्यंतचा भाग उपजत ओढीचा. जित्याची खोड म्हणतात ती हीच, ती काढता येत नाही, तिला वाट देता येते. पण शिकवताना आणखी एक गोष्ट लागते आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही: पिल्लू कशासाठी राबायला तयार आहे. उपजत ओढ सांगते की त्याला काय करावंसं वाटतं. मोबदला सांगतो की तुमचं ऐकल्याबद्दल त्याला काय दिलं तर ते पुन्हा ऐकेल. या दोन गोष्टींची गल्लत झाली की "बिस्किट दाखवलं तरी बघत नाही" ही तक्रार सुरू होते.

पाठलाग करणाऱ्या पिल्लाला पाठलागातच मोबदला मिळतो. स्कूटरमागे धावलं, स्कूटर लांब पळाली, त्याच्या लेखी काम फत्ते झालं. तुम्ही काही दिलं नाही तरी उद्या ते पुन्हा धावणार. त्या ऐन क्षणी पुढे केलेलं बिस्किट म्हणजे हातघाईच्या कबड्डीत खेळाडूला चहा विचारण्यासारखं. म्हणून नेहमीच्या शिकवणीचा उपयोग होत नाही असं वाटतं. उपयोग होतो, पण अंतर आणि वेळ बदलून.

खाण्याची ओढसुद्धा काही अंशी रक्तात असते. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की जवळपास एक चतुर्थांश लॅब्रडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्यांमध्ये खाण्याची हाव जास्त आणि वजनही जास्त असतं. गंमत अशी की मदतनीस म्हणून निवडलेल्या लॅब्रडॉरमध्ये हे प्रमाण साधारण तीन चतुर्थांश निघालं. ज्याला खाण्याची हाव, तो शिकायला सोपा, म्हणून निवडला गेला असावा. शेजाऱ्याचं लॅब्रडॉर दोन महिन्यांत शहाणं झालं आणि आपला शेफर्ड होत नाही, याने खट्टू होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यांच्या हातात खाण्याचं नाणं होतं, तुमच्या पिल्लाला कदाचित ओढाओढीचा खेळ किंवा तुमची शाबासकी जास्त प्यारी असेल.

हे शोधायला एक सोपी चाचणी करा. घरात, शांत वेळी, पिल्लू भुकेलं असताना समोर चार गोष्टी आलटून पालटून ठेवा: उकडलेल्या चिकनचा तुकडा, दोरी, तुम्ही स्वतः खाली बसून हाक मारणं, आणि उघडं दार. कशाकडे पहिलं जातं, कशावर परत येतं. तीन दिवस करा. मग तेच जिन्यात करा, मग गेटवर. घरात चिकनवर तुटून पडणारं पिल्लू गेटवर त्याच चिकनकडे ढुंकूनही बघत नसेल तर दोनच शक्यता: ते चेकाळलंय किंवा घाबरलंय. शेपटी खाली, कान मागे, अंग मागे रेललेलं आणि तरी भुंकतंय, तर ती भीती आहे. मी पाहिलेल्या "फार ड्राइव्ह आहे", म्हणजे कामाची फार ओढ आहे, म्हणून कौतुक झालेल्या पिल्लांपैकी कितीतरी खरं तर घाबरलेली होती. घाबरलेल्याला आणखी दमवून उपयोग नसतो, त्याला अंतर द्यावं लागतं.

आता निवड. खरेदीला जाताना लोक दोन चुका करतात. पहिली, सर्वांत धीट आणि धावत येणारं पिल्लू उचलतात, मी उचललं तसं. दुसरी, कोपऱ्यात बसलेलं बघून दया येते आणि तेच घेतात. दोन्ही टोकं अनुभवी हातांसाठी सोडा. घरासाठी मधलं हवं, जे येतं, वास घेतं, थोडा वेळ खेळतं आणि मग निवांत जाऊन झोपतं.

पिल्लू बघण्याआधी त्याची आई बघा. खाण तशी माती ही म्हण इथे सगळ्यांत जास्त कामाची आहे. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून निघा. आई अनोळखी माणसाला कशी भेटते, दार वाजलं तर किती वेळ भुंकते आणि किती वेळात शांत होते, पिल्लांना उचललं तर काय करते हे निदान अर्धा तास बघा. आईबापाने काय काम केलं ते विचारा. "चॅम्पियन लाइन" म्हणजे शोमध्ये रूप आणि चाल बघून दिलेली बक्षिसं. त्याने तुमच्या घरचे प्रश्न सुटत नाहीत, कधी कधी फायदाही होतो, कारण शोच्या वंशात कामाची धग कमी असते. "वर्किंग लाइन", म्हणजे कामाच्या वंशातलं, असं सांगून महाग विकत असतील तर घरात लहान मुलं असणाऱ्यांनी ती स्तुती न समजता इशारा समजावी. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद वंश सांगतो, स्वभाव सांगत नाही.

आणि पिल्लांच्या चाचण्या? एकोणपन्नासाव्या दिवशी पिल्लाला पाठीवर झोपवून, हाक मारून, कागदाचा बोळा फेकून गुण देतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो, पण पिल्लांच्या बाबतीत हे तपासलं गेलंय. स्वीडनमध्ये 630 जर्मन शेफर्ड पिल्लांची आठव्या आठवड्यात चाचणी घेतली आणि मोठेपणी पुन्हा घेतली. 1998 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पिल्लाच्या गुणांवरून मोठेपणीची लायकी ठरवता येत नाही. व्हिएन्नात बॉर्डर कॉलींवर झालेल्या अभ्यासातही, 2014 साली, साधारण तेच निघालं. त्यामुळे पाच हजार घेऊन "टेम्परामेंट टेस्ट" करून देणाऱ्यांवर फार विसंबू नका.

मी स्वतः फक्त तीन गोष्टी बघतो. एक, मागे स्टीलचा डबा पडू देतो. दचकणं चालेल, पण अर्ध्या मिनिटात सावरून डब्याकडे वास घ्यायला यायला हवं. दोन, फरशीवरून गोणपाटावर, गोणपाटावरून पत्र्यावर चालवतो. तीन, खाण्याची आवड, भुकेल्या वेळी. आणि हे दोन वेगवेगळ्या दिवशी, कारण एखादं पिल्लू आपण जातो तेव्हा नुकतंच जेवलेलं असतं. यातून मोठेपणीचं भविष्य कळत नाही. आजचं पिल्लू बरं वाढवलंय की नाही तेवढं कळतं.

वयाबद्दल आग्रह धरा. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी 1965 मध्येच मांडलं होतं की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. आई आणि भावंडांबरोबर खेळताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो, यातून पकडीचा जोर आवरायला शिकतं. तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू "लवकर जीव लावेल" म्हणून विकलं जातं तेव्हा हा धडा राहून जातो आणि तो नंतर तुमच्या हातावर घ्यावा लागतो. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या 2017 च्या नियमांप्रमाणे दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक मागा, संकोच करू नका.

जातीवर किती भिस्त ठेवायची, हाही प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेत 18,385 कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन 2022 साली एक मोठा अभ्यास झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी फक्त नऊ टक्के फरक जातीने समजावता येतो असं त्यात आढळलं. मग मी वर जे लिहिलं ते खोटं का? नाही. तो अभ्यास बहुतांशी घरगुती कुत्र्यांचा होता आणि त्यातही माणसाचं ऐकण्याचा गुण जातीशी बऱ्यापैकी जुळलेला निघाला. मी त्याचा अर्थ असा घेतो: जात शक्यता सांगते, आईबाप त्याहून जास्त सांगतात, आणि समोरचं कुत्रं सगळ्यांत जास्त सांगतं. म्हणूनच पहिल्यांदा कुत्रं पाळणाऱ्यांना मी दीड-दोन वर्षांचं, स्वभाव उघड झालेलं कुत्रं घ्यायला सांगतो. दहापैकी आठ जणांना ते पटत नाही, पिल्लूच हवं असतं. गावठी पिल्लूही घ्या, पण त्यालाही राखणीची जाण असते एवढं ध्यानात ठेवा.

ज्यांच्याकडे पिल्लू आलंच आहे त्यांनी आता काय करायचं?

सगळ्यांत आधी सराव बंद. दर वेळी टाच धरली की ती खोड एक वीण घट्ट होते. मुलांच्या पळापळीच्या वेळेला पिल्लू जाळीच्या फाटकामागे किंवा हलक्या दोरीवर, चघळायला काहीतरी देऊन. ही शिक्षा समजू नका आणि तसं बोलूही नका. मुलांना एकच शिकवा: पिल्लू मागे लागलं की झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी. किंचाळणं आणि पळणं म्हणजे मेंढीचं काम करणं. सहा वर्षांखालचं मूल आणि असं पिल्लू यांना एकटं सोडायचं नाही, "दोनच मिनिटं" म्हणूनही नाही.

मग पाठलागाच्या त्या कडीला हक्काचं काम. चार फुटी काठीला दोरी, दोरीच्या टोकाला जुन्या कापडाची चिंधी. आधी "बस", मग चिंधी हलते, मग "घे". दहा-बारा सेकंद धाव, पकडू द्या, चिंधी निर्जीव करा, "सोड", आणि पुन्हा "बस". पाच मिनिटं पुरेत. इथे पिल्लू शिकतं की पाठलागाचं दार माणसाच्या शब्दाने उघडतं. वाढत्या सांध्यांसाठी उड्या आणि गर्रकन वळणं टाळा, चिंधी जमिनीलगतच ठेवा. शेफर्ड आणि मॅलिनॉइससाठी ओढाओढीचा खेळ चांगला, पण "सोड" आधी पक्कं हवं. सगळ्याच जातींना नाकाचं काम द्या: रोजच्या जेवणातलं अर्धं खाणं गवतात, जुन्या गोणपाटाच्या घड्यांत, खोक्यांत लपवा. पंधरा मिनिटं हुंगलेलं पिल्लू तासभर पळवलेल्यापेक्षा शांत झोपतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: दमवण्यासाठी चेंडू फेकत राहणं. त्याने दम वाढतो आणि वेड वाढतं. बॉर्डर कॉलीला लेझरचा ठिपका कधीच दाखवू नका. तो पकडता येत नाही, साखळी अर्धवट राहते, आणि मग ते भिंतीवरच्या सावल्या शोधत बसतं. ती सवय सोडवणं फार अवघड जातं.

गाड्यांसाठी अंतर. रस्त्यापासून इतकं लांब उभं राहा की पिल्लू स्कूटर बघतं पण तुमच्या हातचंही खातं. कदाचित पन्नास मीटर, कदाचित शंभर. स्कूटर दिसली की खाऊ, गेली की खाऊ बंद. काही दिवसांनी स्कूटर दिसताच पिल्लू मान वळवून तुमच्याकडे बघेल. तेव्हा पाच पावलं पुढे. घाई केली आणि ते सुटलं, तर दुसऱ्या दिवशी मागच्या जागी परत. उन्हाळ्यात हे सकाळी सातच्या आत करा, डांबर तापलं की पंजे भाजतात.

मारू नका. काट्याचा पट्टा किंवा शॉकचा पट्टा लावून काही दिवसांत फरक दिसतो असं सांगणारे भेटतील. पिल्लाला दुखतं त्या क्षणी समोर मूल असतं, आणि दुखण्याचा संबंध त्या मुलाशी जोडला जातो. पुढचा चावा न गुरगुरता येतो.

दात त्वचेत घुसला तर, पिल्लू घरचं असो वा लसीकरण झालेलं, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजच्या लसीबाबत डॉक्टर ठरवतील, आपण ठरवायचं नाही.

दोन-तीन महिने हे नेमाने करूनही घरातलं मूल कोपऱ्यात उभं राहून घाबरत असेल, तर पिल्लाला दुसरं घर शोधणं हा कमीपणा नाही. मागच्या वर्षी पुण्यातल्या एका कुटुंबाने दहा महिन्यांची कॉली अशीच शिरवळकडच्या शेतावर दिली. तिथे बदकं आहेत, दिवसाला दोनदा तळ्यावर न्यायची-आणायची, माणसाच्या सांगण्यावर. त्या घरातली मुलगी महिन्यातून एकदा तिला भेटायला जाते. द्यायचं असेल तर वर्षाच्या आत द्या, खरं सांगून द्या, चावल्याचं लपवू नका.

मला किंवा कुणाही शिकवणाऱ्याला विचारताना "पिल्लू आक्रमक आहे" एवढं लिहू नका. त्यावरून काही कळत नाही. आठवडाभर वहीत टिपा: किती वाजता झालं, काय हललं, किती अंतरावर होतं, त्याआधी पिल्लू किती तास झोपलं होतं, मान वर होती की खाली, आणि त्या क्षणी हातातला खाऊ घेतला की नाही. पिल्लू कितव्या आठवड्यात घरी आणलं आणि आई बघितली होती का, तेही लिहा. एक व्हिडिओ जोडा, चाव्याचा नको, चाव्याच्या आधीच्या दहा सेकंदांचा.